नळीमागच्या रेघा

कमलबाईने एकसष्टावी नळी नळाखाली धरली, तीन वेळा पाणी फिरवून आतला तांबूस गाळ काढला, खिडकीकडे धरून पाहिली आणि लाकडी स्टँडवर उलटी ठेवली. नळ बंद करून ती वळली.

डॉक्टर नेरकर आणि गिरधर टेबलाच्या दोन बाजूंनी एकाच कागदावर वाकले होते.

"एकसष्टपैकी एकसष्ट?" नेरकर मॅडम म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"एकही निगेटिव्ह नाही?"

"नाही. बठ्ठा पाडा पॉझिटिव्ह शे," गिरधर म्हणाला आणि ओशाळला. तो पारोळ्याचा, तंत्रज्ञ म्हणून बारा वर्षं नोकरी झालेला. हॉस्पिटलात अगदी पुस्तकी मराठी बोलायचा. पण घाबरला की घरची भाषा उडी मारून बाहेर यायची.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या डाव्या हाताशी काचेच्या पेपरवेटखाली दुसरा एक कागद होता, आणि कमलबाईचं लक्ष दिवसभर खरं तर त्या कागदाकडेच होतं. चौदा वर्षं रोजंदारीवर नळ्या धुतल्यानंतर तिला कायम करायचा तो अर्ज होता. मॅडमनी स्वतःच्या हाताने भरला होता. नाव, कमलबाई वना बैसाणे. शिक्षण, चौथी पास. सही तेवढी राहिली होती. हेडक्लार्क सोमवारी न्यायला येणार होता.

चौथी पास हे कमलबाईनेच सांगितलं होतं. कामाला लागली तेव्हा सांगितलं आणि मग चौदा वर्षं निभावलं. बाटल्यांवरची लेबलं ती आकारावरून ओळखायची. लांब शेपटीचं ते एक, दोन डोक्यांचं ते दुसरं. नवी बाटली आली की ती आधी हातात घेऊन "ही कुठं ठेवायची?" असं विचारायची आणि सांगितलेलं नाव त्या आकाराला कायमचं चिकटवून टाकायची. तिने चुकीची बाटली पुढे केली असं चौदा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. शिकलेल्यांच्या हातून दोनदा झालं होतं.

ही १९८८ सालच्या चैत्रातली गोष्ट. 'सिकलसेल' हा शब्द तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांच्याही तोंडी बसलेला नव्हता. साक्रीच्या पश्चिमेकडच्या पाड्यांवर लोक 'सायकलनी तपासणी' म्हणायचे, आणि एका गावी तर एक आबा खरोखरच पंक्चर सायकल ढकलत जीपपाशी येऊन उभे राहिले होते. त्या भागात लहान पोरांचे हातपाय सुजायचे, हाडं ठणकायची, डोळे पिवळे पडायचे. कुणी संधिवात म्हणे, कुणी बाहेरचं. दवाखान्यांतून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देत आणि पोरं काही सुधारत नसत. नेरकर मॅडमनी अशाच एका पोराच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि कमलबाईला हाक मारून दाखवला. टिकल्यांसारख्या गोल पेशींमध्ये जागोजागी वाकड्या, टोकदार पेशी पडल्या होत्या.

"हाऊ त विळा शे!" कमलबाईच्या तोंडून निघून गेलं.

"इंग्रजीतही विळाच म्हणतात," मॅडम म्हणाल्या.

तेव्हापासून दोन वर्षं त्या पाडे पालथे घालत होत्या. जीप मिळाली तर जीपने, नाहीतर एसटीने, आणि एसटी जिथे थांबेल तिथून पायी. कुणी सांगितलं नव्हतं, बढती मिळणार नव्हती. आजार कुठे आणि किती आहे हे एकदा कागदावर आलं की पुढचे डॉक्टर निदान चुकीच्या गोळ्या तरी देणार नाहीत, एवढाच त्यांचा हट्ट. पन्नाशीला आलेली बाई फुटक्या शाळेच्या ओट्यावर बसून पोरांची बोटं टोचते, त्यांच्या आयांच्या शिव्या हसून ऐकते, हे कमलबाईने डोळ्यांनी पाहिलं होतं. देवाधर्माच्या भानगडीत ती फारशी पडत नसे. पण या बाईसाठी ती रोज सकाळी बाबासाहेबांच्या फोटोपुढे एक जास्तीचं फूल ठेवायची.

पाड्यावरची तपासणी सोपी होती. नळीतल्या औषधी पाण्यात रक्ताचा एक थेंब टाकायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि नळीमागे एक पांढरं कार्ड धरायचं. कार्डावर शाईने ओढलेल्या तीन जाड काळ्या रेघा. पाण्यातून रेघा दिसल्या तर रक्त नीट. पाणी गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर रक्तात विळा. ज्याच्या रेघा दिसल्या त्याला पांढरं कार्ड द्यायचं, झाकल्या त्याला लाल. लाल कार्डवाला आजारीच असतो असं नाही. पण लाल कार्डाच्या मुलाने लाल कार्डाची मुलगी केली, तर पोटी आजारी मूल येण्याची भीती असते. मॅडम हे प्रत्येक पाड्यावर न कंटाळता समजावून सांगत.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. टोचणारा वेगळा आणि पाहणारा वेगळा. टोचणाऱ्याला माणूस दिसतो, त्याची सुकलेली तब्येत दिसते, मग डोळ्यांना गढूळ नसलेलंही गढूळ दिसायला लागतं. म्हणून टोचणाऱ्याने नळीकडे बघायचं नाही आणि पाहणाऱ्याने माणसाकडे. पाहायचं काम पहिल्या वर्षी शिकाऊ डॉक्टरांनी केलं. पुढे मॅडमनी सहज म्हणून कमलबाईला बसवलं, आणि प्रयोगशाळेतल्या विजेच्या पट्टीवरच्या, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिसच्या, पक्क्या तपासणीशी तिची उत्तरं ताडून पाहिली. दोनशे नळ्यांत तिची एक चुकली होती. शिकाऊ डॉक्टरांच्या अकरा. त्या दिवसापासून रेघांचं कार्ड कमलबाईच्या पिशवीत राहायला लागलं.

टेंभीपाड्याला मात्र ती गेली नव्हती. डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बिघडलं, त्याच्यापाशी कुणीतरी थांबणं भाग होतं. मॅडम कोर्टात साक्षीला. गिरधर एकटाच गेला, पाहायला पाड्यावरची दाई झुंबरबाई हिला बसवलं, आणि हा एकसष्टचा आकडा घेऊन परतला. विजेच्या पट्टीवर खात्री करून घ्यावी तर तिचं यंत्र महिन्यापासून पुण्याला दुरुस्तीला गेलेलं.

"एखाद्या पाड्यात दहा निघतील, पंधरा निघतील," मॅडम शेवटी म्हणाल्या. "सगळेच्या सगळे निघत नाहीत. औषध नासलं असणार. औषधाने फुटायला हव्यात त्या पेशी फुटल्याच नसतील, म्हणून प्रत्येक नळी गढूळ. औषधी पाण्याची ती पावडर आणा."

"संपली, मॅडम. बाटली टेंभीपाड्यालाच रिकामी झाली."

"कधी उघडली होती?"

"दिवाळीत."

मॅडमनी रजिस्टर ओढून घेतलं आणि दिवाळीपासूनची पानं उलटली. त्या पानांत पंधरा पाडे होते, चौदाशे माणसं होती.

"मग ही सगळीच बाद," त्या म्हणाल्या.

"सगळी?" गिरधरचा आवाज चिरकला. "पण मॅडम, बाकीच्या पाड्यांचे आकडे तर नीट आहेत."

"नीट वाटताहेत. बाटली कधी नासली हे तुम्हाला सांगता येईल? मला नाही येणार. उद्या सकाळी रजिस्टरवर रेघ मारते. पावसाळ्यानंतर पुन्हा पहिल्यापासून."

त्या हे अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. दुसरं कुणी असतं तर एक पाडा गाळून बाकीचे आकडे गपचूप छापून मोकळं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साक्रीच्या पहिल्या गाडीने झुंबरबाई येऊन थडकली. सत्तरीची, वाळक्या शेंगेसारखी, कमरेत ताठ. बरोबर एक सतरा-अठरा वर्षांची पोरगी, पदर तोंडावर ओढलेली. मॅडम अजून वरच्या वॉर्डात होत्या. दोघी नळापाशी कमलबाईजवळ टेकल्या.

"मनी नात शे, गुलाब," झुंबरबाई म्हणाली. "तिनं लगीन मोडी ऱ्हायनं. पोऱ्याना हातमा लाल कार्ड, इना हातमा बी लाल. त्यासना घरना म्हनतस, डाक्तरीन बाईच नको म्हने."

लग्न मोडत होतं तो मुलगा भिकन, पलीकडच्या पाड्यावरचा. त्याचं कार्ड लाल आहे हे कमलबाईला पक्कं ठाऊक होतं, कारण थंडीत ती नळी तिनेच पाहिली होती आणि नंतर कार्ड वाटताना त्याचं नाव ऐकलं होतं.

"माय, टेंभीपाडाले तूच बशेल व्हती ना नळी देखाले?" तिने विचारलं. "काय काय व्हयनं, सांग बरं."

झुंबरबाईला सांगायची हौस होतीच. तो भाऊ शाळेच्या आत बसून बोटं टोचत होता, आणि ही दारात, उजेडाला. आतून नळी यायची. तिच्या मागे हिने कागद धरायचा. मग आतून प्रश्न यायचा.

"म्हने, आजी, मागचं वाचता येतं का? मी सांगं, नही. दुसरी नळी उनी. परत तेच. वाचता येतं का? मी सांगं, नही रे भाऊ. जितल्या नळ्या तितला डाव इचारं! मी मनमा म्हनं, हाऊ शिकेल मानूस, पन याले एक डाव सांगेल समजस नही का? मना नशिबमा शाया कोठे व्हती?"

कमलबाईच्या हातातला ब्रश थांबला.

"कागद कसा व्हता? हाऊ का?" तिने पिशवीत हात घातला. भाकरीच्या फडक्याखालून रेघांचं कार्ड निघालं. ते टेंभीपाड्याला गेलंच नव्हतं. आठवडाभर तिच्या पिशवीत होतं.

"नही, नही. छापेल कागद. वर्तमानपत्रना. बारीक काया मुंग्याच मुंग्या."

"दिखेत का त्या मुंग्या? पानीमाइन?"

"दिखेत ना! बराच नळीमा दिखेत. थोड्याकमा नही दिखेत." झुंबरबाईने तिच्याकडे चमकून पाहिलं. "पन ते त्यानी इचारंच कोठे?"

कमलबाईला हसू आलं आणि लगेच विझलं. तिला सगळं लख्ख कळलं होतं. गिरधरसारख्या माणसाला अक्षर दिसलं की ते वाचलंही जातं. त्याच्या डोळ्यांना या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत. म्हणून त्याने 'दिसतं का' ऐवजी 'वाचता येतं का' विचारलं, आणि म्हातारीने एकसष्ट वेळा खरं उत्तर दिलं. ही चूक पकडायला वाचता येणारा माणूस उपयोगाचा नव्हता; अक्षर दिसूनही वाचता न येणाराच हवा होता.

मॅडम आल्या. कमलबाईने त्यांना उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गिरधरकडे पाहिलं.

"कार्ड नव्हतं म्हणून कागद लावला, हे खरं आहे," गिरधर म्हणाला. "सांगायला हवं होतं, चुकलो. पण त्यानं काय फरक पडतो, मॅडम? वाचता येतं का म्हणजे दिसतं का. हे कुणालाही कळतं. आणि ही आज असं का म्हणते आहे? नातीचं लग्न अडलंय म्हणून. दिसत होतं तर तेव्हा का नाही बोलली?"

झुंबरबाई दारात उभी होती. मॅडमनी तिला विचारलं, "आजी, कागदावरची अक्षरं दिसत होती का तुम्हाला?"

एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाईने विचारल्यावर म्हातारीचा सगळा ताठा गेला. तिने गिरधरकडे पाहिलं, कमलबाईकडे पाहिलं, आणि हात जोडले.

"अक्षरमा माले काय समजस, माय?"

"बघा," गिरधर म्हणाला.

मॅडम खुर्चीत बसल्या. "कमलबाई, तुमचं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण यांच्या नातीचं लग्न आहे. आता या जे सांगतील त्याला पुरावा कसं म्हणू? तुमचंच खरं असावं असं मला फार वाटतंय, आणि म्हणूनच मला त्यावर विश्वास ठेवायची भीती वाटते." त्यांनी रजिस्टर उघडलं, दिवाळीचं पान काढलं आणि पट्टी ठेवली. लाल पेनाचं टोपण काढलं.

कमलबाईने पेपरवेटकडे पाहिलं. त्याच्याखालचा कागद पंख्याच्या वाऱ्याने कोपऱ्यात फडफडत होता. सोमवारला तीन दिवस होते. तिने तोंड मिटून नळ सोडला असता तर कुणीही तिला दोष दिला नसता. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजणी झालीच असती. फक्त पोरीचं लग्न गेलं असतं आणि या बाईची दिवाळीपासूनची सगळी मेहनत.

तिने काल धुतलेली एक नळी घेतली, अर्धी पाण्याने भरली. मेजावरचं वर्तमानपत्र उचलून गिरधरच्या हातात दिलं.

"गिरधरभाऊ, हे मागं धरा. आणि मला विचारा. तिथं विचारलं तस्सं."

"अक्का, हे काय पोरखेळ—"

"विचारा."

गिरधरने कागद धरला. "मागचं वाचता येतं का?"

"नाही," कमलबाई म्हणाली.

गिरधर हसला. "अहो अक्का, साधं पाणी आहे. नीट बघा की. वाचता येतं का?"

"नीटच बघितलं. नाही येत."

"असं कसं? एवढी ठळक अक्षरं—" गिरधर बोलायचा थांबला. त्याचा कागद धरलेला हात हळूहळू खाली आला.

मॅडम नळीकडे पाहत होत्या. मग त्यांनी कमलबाईकडे पाहिलं. लेबलं, चौदा वर्षं, 'ही कुठं ठेवायची?' हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक सरकत गेलेलं कमलबाईला दिसलं. त्यांची नजर पेपरवेटपर्यंत गेली आणि तिथून परत आली.

"कमलबाई," त्या हळूच म्हणाल्या, "चौथी?"

"गावात शाळा होती, मॅडम. चौथीचाच वर्ग होता." कमलबाईने नळी स्टँडमध्ये ठेवली. "मी तो झाडायला जायची."

मग मॅडमनी लाल पेनाला टोपण लावलं, उठल्या आणि कपाटातून पावडरची नवी बाटली काढली.

"गिरधर, ताजं द्रावण करा. या मुलीचं रक्त घ्या." त्या झुंबरबाईकडे वळल्या. "आजी, आत्ता इथेच पुन्हा पाहू. पण लाल आलं तर मी लालच सांगणार. चालेल?"

म्हातारीने मान हलवली. गुलाबने पदर बाजूला केला आणि बोट पुढे केलं. सुई टोचली तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत, आजीचा हात तेवढा घट्ट धरला.

नियम नियमच होता. मॅडमनी स्वतःचा आणि त्या दिवशी वॉर्डातून आलेल्या एका आजारी पोराचा थेंबही नळ्यांत टाकायला लावला, आणि तिन्ही नळ्यांना नुसते आकडे दिले. कमलबाईला भिंतीकडे तोंड करून बसवलं. भिंतीवरच्या घड्याळात काटा कुठे आला की पाच मिनिटं होतात, हे तिला आकडे न वाचताही कळायचं. ती पाच मिनिटं मात्र संपता संपेनात. मागे म्हातारीचा श्वास ऐकू येत होता.

"या," मॅडम म्हणाल्या.

तिने पहिल्या नळीमागे कार्ड धरलं. "दिसतात. तिन्ही रेघा."

दुसरी. "झाकल्या. एकही नाही."

तिसरी नळी तिने खिडकीकडे नेली. पाणी तांबूस होतं. तिने कार्ड मागे लावलं, जरा लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. घाई करायची नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"दिसतात," ती म्हणाली. "तिन्ही."

मॅडमनी आकडे ताडले. दुसरी नळी वॉर्डातल्या पोराची होती. त्यांनी खणातून पांढरं कार्ड काढलं, त्यावर गुलाबचं नाव लिहिलं आणि ते झुंबरबाईच्या हातात न देता गुलाबच्या हातात दिलं. पोरगी ते उलटंसुलटं करून पाहत राहिली. म्हातारीने आधी कमलबाईच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग डोळ्यांना पदर लावला.

"एक डाव दिखस का म्हनीसन इचारतात, तर काय व्हतं?" ती गिरधरला म्हणाली. गिरधरने खाली वाकून तिच्या पायांना हात लावला.

पुढच्या आठवड्यात तिघंही टेंभीपाड्याला गेली. रेघांचं कार्ड कमलबाईने पिशवीत नाही, पोलक्यात ठेवून नेलं. एकसष्ट माणसांत अकरा लाल निघाली. दुरुस्त झालेलं यंत्र पुण्याहून आल्यावर विजेच्या पट्टीनेही तेच अकरा सांगितले, आणि दिवाळीनंतरच्या पाड्यांतून पुन्हा घेतलेले काही नमुनेही रजिस्टरशी जुळले. रजिस्टरवर रेघ मारावी लागली नाही.

अर्जाचं मात्र मॅडमनी कमलबाईला समोर बसवून सांगितलं. "खोटं लिहून मला सही करता येणार नाही. खरं लिहून पाठवते, आणि माझं पत्र जोडते." त्यांनी 'चौथी पास' खोडलं, वर 'निरक्षर' लिहिलं, आणि शेजारच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरांत दहा ओळी लिहिल्या. अर्ज पावसाळ्यात नामंजूर होऊन परत आला. मॅडमनी पुन्हा पाठवला. तो दिवाळीत परत आला. कमलबाई नळ्या धुत राहिली. तिला वाईट वाटलं नाही असं नाही. चांगलंच वाईट वाटलं, आणि तिने ते गिरधरला बोलूनही दाखवलं. पण आता नवी बाटली आली की ती सगळ्यांदेखत खणखणीत विचारायची, "हिच्यावर काय लिहिलंय, सांगा."

दोन वर्षांनी मॅडमची नागपूरला बदली झाली. त्या गेल्यानंतरच्या थंडीत एक दिवस टपालवाला प्रयोगशाळेच्या दारात येऊन "कमलबाई बैसाणे कोण?" म्हणून ओरडला. तिच्या नावाने आलेलं ते आयुष्यातलं पहिलं टपाल. तिने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले, आणि पाकीट गिरधरकडे दिलं.

आत एका इंग्रजी मासिकातून वेगळी काढलेली सहा पानं होती. चौदाशे माणसांचे आकडे होते, पाड्यांचा नकाशा होता, विळ्यासारख्या पेशींचा फोटो होता. तिसऱ्या पानावर मॅडमनी समासात शिसपेन्सिलीने खूण केली होती.

"काय लिहिलंय?" कमलबाईने विचारलं.

गिरधरने मनात दोनदा वाचलं. मग सावकाश मराठीत सांगितलं.

"लिहिलंय, नळीच्या मागे छापील अक्षरं ठेवू नयेत, जाड रेघा ठेवाव्यात. पाहणाऱ्याला 'वाचता येतं का' असं न विचारता 'रेघा दिसतात का' असं विचारावं. म्हणजे ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांनाही ही तपासणी कुठल्याही गावात अचूक करता येईल." तो थांबला. "आणि पुढे लिहिलंय, ही सुधारणा श्रीमती कमलबाई बैसाणे यांची आहे."

"नाव लिहिलंय?"

"हो."

"कुठं?"

गिरधरने बोट ठेवलं. कमलबाई वाकली. बारीक काळ्या मुंग्या, रांगेने, जशा सगळीकडे असतात तशाच. त्यांतल्या कुठल्या आपल्या, हे बोट उचललं की हरवणार होतं.

तिने स्टँडमधली एक कोरडी नळी उचलली, नळाखाली धरून काठोकाठ भरली, अंगठ्याने तोंड दाबलं आणि गिरधरचं बोट होतं तिथे ती कागदावर आडवी ठेवली. पाण्यातून ते नाव मुळापेक्षा बरंच मोठं होऊन वर आलं.

गिरधर शेजारी उभा होता. त्याने जरा वाट पाहिली.

"अक्का," त्याने विचारलं, "दिसतं का?"

"दिखस," कमलबाई म्हणाली.